सशाच्या दाढा

जो प्राणी ओरडत नाही, कण्हत नाही, त्याचं दुखतंय हे तुम्ही कशावरून ओळखता? घाईनं उत्तर देऊ नका. गाय हंबरते, कुत्रं केकाटतं, मांजर कोपऱ्यात जाऊन फिस्कारतं. ससा फक्त बसतो. मजेत बसलेला ससा आणि दुखतंय म्हणून बसलेला ससा लांबून सारखेच दिसतात. आमच्या गल्लीनं त्या बसण्याचा एक अर्थ लावला आणि माझ्या वडिलांनी दुसरा लावला. दोघांच्या भांडणात आमच्याकडचा ससा जवळजवळ गेलाच होता.

आम्ही अमळनेरला राहतो. वडिलांना मी नाना म्हणते. नानांनी आयुष्यभर पत्रकं काढली. गिरणी बंद पडली त्याची, पाण्याची, भोंदू बाबांची, वाढलेल्या फीची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ पासून. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि पत्रकांच्या घड्या घालायच्या. एका घडीची एसटी स्टँडवर वाटायची, दोन घड्यांची दाराच्या फटीतून आत सरकवायची. आता मी लिहिते आणि घड्या नाना घालतात, एवढाच बदल. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीवर आधी पत्रक निघतं, मग चहा होतो.

ससा आमच्याकडे आला तो आनंदमेळ्यातून, तोही वळसा घालून. मामेबहिणीच्या मुलीनं हट्ट करून घेतला, महिनाभर मांडीवर मिरवला. मग परीक्षा आली, मग वास यायला लागला, मग तिची आई त्याला टोपलीत घालून आमच्या ओट्यावर ठेवून गेली. “तुमच्याकडे जागा आहे,” म्हणाली. आमच्याकडे जागा नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. सशानं पहिल्याच आठवड्यात एक गठ्ठा कडेनं कुरतडून गोल केला. नाना बघत राहिले आणि म्हणाले, “चला, कुणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं.”

प्राणी विकण्याविरुद्ध आणि विकत घेण्याविरुद्ध मी लिहिलेलं आहे, बोललेलं आहे, पोलिसांशी हुज्जतही घातलेली आहे. म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की मालकी आली, असं माझं म्हणणं. गल्लीनं ते मनावर घेतलं नाही. गल्ली त्याला ससाभाऊ म्हणायची आणि येता-जाता केळं भरवायची. आमच्या जिल्ह्यात केळ्याला कोण नाही म्हणतं? घरात आणखी काही नसलं तरी केळं असतंच. त्यात शेजारच्या अक्का सगळ्यांच्या पुढे. रोज सकाळी अर्धं स्वतः खायच्या, अर्धं त्याला.

एका संकष्टीला त्यानं केळं घेतलं नाही. पुढच्या संकष्टीला पुन्हा नाही. मधल्या दिवसांत कधी घ्यायचा, कधी टाकायचा, ते कुणी मोजलं नाही.

“आज त्यानी तोंड लावं नही,” अक्का ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. “चतुर्थी शे ना आज.”

नाना आतून बाहेर आले. “अक्का, सशाला पंचांग कळतं?”

“तुले कळत नही म्हनीसन त्याले बी कळत नही का?”

झालं. गल्लीत बातमी पसरली की ससाभाऊ संकष्टी करतो. बायका दूर्वा घेऊन यायला लागल्या, एकीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. पांढऱ्या सशाच्या कपाळावर कुंकू दिसतंही छान, फोटो निघाले, फोन टू फोन गेले. नानांचा रक्तदाब वाढला. त्यांनी एकाच बैठकीत पत्रक लिहिलं. ‘ससा उपास करत नाही! प्रत्यक्ष पाहा!’ पुढच्या संकष्टीला गल्लीच्या कोपऱ्यावर टेबल मांडायचं, त्यावर मेथी, केळं, काकडी ठेवायची आणि ससा सगळ्यांदेखत खाणार, असा जाहीर प्रयोग. मला ते तेव्हा बरोबरच वाटलं. घड्या मीसुद्धा घातल्या.

उन्हाळ्याचे दिवस. सावली अशी कोपऱ्यावर नव्हतीच, कुणीतरी वर जुनी साडी बांधली. एका बाजूला अक्का आणि त्यांच्या मैत्रिणी, दुसऱ्या बाजूला नाना आणि त्यांचे तीन जुने सहकारी. टेबलावर ससा. कुणीतरी दूर्वांची जुडी त्याच्या नाकाशी धरली. दूर्वा त्याचा जीव की प्राण. त्यानं वास घेतला, मान वळवली. अक्कांच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

मग त्यानं केळ्याचा तुकडा तोंडात घेतला.

“घेतलं! घेतलं!” नाना ओरडले.

त्यानं दोन-तीनदा जबडा हलवला आणि तो तुकडा तोंडातून खाली पडू दिला. पुन्हा टाळ्या.

“देखा? चुकीसन तोंडमां गया व्हता, टाकी दिना,” अक्का म्हणाल्या.

“उन्हामुळे आहे ते!” नाना.

मी टेबलाजवळ होते. त्याच्या हनुवटीखालचे केस ओले होते, चिकटलेले. लाळ होती ती. मी म्हटलं, “त्याला खायचंय. त्याला खाता येत नाहीये.” मग मोठ्यानं म्हटलं. कुणी ऐकलं नाही. एकीकडे श्रद्धा बोलत होती, दुसरीकडे विवेक बोलत होता, आणि दोन्हींचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. मी सशाला उचललं, पदरासारखी ओढणी त्याच्यावर धरली आणि घरी आणलं. प्रयोग माझ्याशिवाय चालू राहिला, प्रयोगातल्या सशाशिवायही.

चंद्र उगवल्यावर अक्का ताट घेऊन आल्या. त्याच्यापुढे बसल्या. “दिखना रे चंद्र. आते तरी सोड ना उपास.” तो हलला नाही. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. “असं कसं करस हाऊ?” त्या मला विचारत होत्या, देवाला नाही.

सकाळी त्याच्या खालच्या कागदावर एकही लेंडी नव्हती. ज्यांनी ससा पाळलेला नाही त्यांना सांगते, ससा दिवसभर खातो आणि दिवसभर लेंड्या टाकतो. दोन्ही थांबलं म्हणजे आतलं यंत्र थांबलं. मग पोट फुगतं आणि ससा गप्प बसल्या बसल्या मरतो. हे मी फोनवर वाचलं. फोनवर मी ‘सशाचा डॉक्टर’ असंही शोधलं. फोननं मुंबई दाखवली, पुणे दाखवलं, फार तर नाशिक. खानदेशात सशाला दुखतच नाही, असा फोनचा समज असावा.

आधी आमच्याच गावातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर भले माणूस. कोपरापर्यंतचा हातमोजा काढत बाहेर आले, कुणाची म्हैस अडली होती. त्यांनी सशाला दोन्ही हातांत धरून वर केलं, पोट दाबून पाहिलं.

“पोट बिघडलंय. शेळीला देतो ती पावडर थोडी चाटवा. आणि दिवसभर लंघन करू द्या. पोट रिकामं राहिलं की आपोआप भूक लागते.”

“म्हणजे उपाशी ठेवू?”

“हो. आपण नाही का ठेवत?”

मी हसले असते. गल्ली म्हणत होती उपास, डॉक्टर म्हणत होते लंघन. देवाच्या बाजूनं आणि शास्त्राच्या बाजूनं, दोन्हीकडून त्याला उपाशी ठेवायला सांगत होते, आणि तो बिचारा उपाशी होता म्हणूनच मी दारोदार फिरत होते. मी पावडरची पुडी घेतली, खिशात ठेवली आणि जळगावची गाडी पकडली. केळी भरतात तो प्लास्टिकचा कॅरेट खाली, दुसरा वर उलटा, मधे ससा, दोन्ही कॅरेट सुतळीनं बांधलेले. जाळीच्या भोकांतून त्याचं नाक दिसत होतं. ते हलत होतं तोवर ठीक होतं.

जळगावचा दवाखाना कुत्र्या-मांजरांचा. काचेचं दार, आत गार. एक लॅब्रेडॉर पाय पसरून पडला होता आणि त्याच्या मालकिणीनं त्याला पंखाही धरला होता.

“पेशंटचं नाव?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

“नाव नाही.”

“मग काय लिहू?”

“ससा.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला वाऱ्यावर सोडलाय. मला राग आला, पण स्पष्टीकरण देण्याइतका वेळ नव्हता.

डॉक्टर तरुण होते. लॅब्रेडॉरशी ते जसे बोलले तसं माझ्याशी कुणी दवाखान्यात बोललेलं नाही. सशाकडे आले आणि त्यांचे हात जरा थांबले. ते मला दिसलं.

“खात नाही ना? अँटिबायोटिक सिरप देतो. पिल्लांचंच आहे, डोस कमी करू.”

“सर, हे पेनिसिलीनच्या जातीतलं आहे का? सशाला ते तोंडावाटे दिलं तर जीव जातो असं वाचलंय.”

“कुठे वाचलं?”

“फोनवर.”

“मग फोनलाच दाखवायचं होतं.”

लॅब्रेडॉरची मालकीण खुदकन हसली. माझ्या तोंडावर पत्रकातल्या चार ओळी आल्या होत्या, रुग्णाचे हक्क वगैरे. त्या गिळल्या. मी एवढंच विचारलं, “सर, जिवंत सशाचं तोंड उघडून तुम्ही कधी आत पाहिलंय?”

ते चिडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले.

“कॉलेजात एकदा. प्रात्यक्षिकाला. तेव्हा तो मेलेला होता.” सशाकडे बघत म्हणाले, “आमच्याकडे ससा कुणी आणतच नाही हो. मेला की लोक दुसरा आणतात.”

मग त्यांनी खिशातून फोन काढला. “धुळ्याला एक मॅडम आहेत. त्यांच्याकडे रोज ससेच असतात.”

“दवाखाना कुठे आहे त्यांचा?”

“दवाखाना नाही. औषधनिर्माणाचं कॉलेज आहे ना, तिथल्या प्राणीगृहाच्या त्या डॉक्टर. घरी कुणी आणलं तर बघतात.”

आता मी कशी कात्रीत सापडले ते सांगते. त्या कॉलेजच्या फाटकावर आमच्या संघटनेनं गेल्या वर्षी पत्रकं चिकटवली होती. प्राणीगृहातल्या सशांवर औषधं, मलमं तपासतात त्याविरुद्ध. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ते पत्रक मी लिहिलेलं होतं. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. आणि माझ्यासमोर डॉक्टर फोन कानाला लावून त्याच प्राणीगृहातल्या बाईंना माझ्या सशाची लक्षणं सांगत होते. जे प्रेमळ होते त्यांना काही माहीत नव्हतं. जिला माहीत होतं तिला ते कुठून माहीत झालं, हे मला माहीत होतं. तिसरं माणूस या दोन जिल्ह्यांत नव्हतं.

“म्हणतायत, बिलकूल उपाशी ठेवू नका,” डॉक्टर फोनवर हात ठेवून म्हणाले. “आणि लगेच या म्हणतायत. येताय ना?”

कॅरेटच्या आतून बारीक आवाज येत होता, खडा खड्यावर घासावा तसा. दात खात होता तो. डॉक्टरांनी फोनवरच्या मॅडमना तो आवाज सांगितला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, चांगलं नाही अशी.

“येते म्हणावं,” मी म्हटलं.

धुळ्याची एसटी भरलेली होती. खिडकीतून वारा येत होता तो भट्टीतून आल्यासारखा. मी कॅरेट मांडीवर घेऊन मधल्या सीटवर, दोन्हीकडून माणसं. पाण्यानं भिजवलेला रुमाल जाळीतून त्याच्या कानांवर टाकत होते. सशाला घाम येत नाही, त्याचा सगळा ताप कानांतून जातो.

“काय शे त्यामां? कोंबडी?” पुढच्या सीटवरचे आबा वळून म्हणाले.

“ससा आहे, आबा.”

“ससा! मंग इतला दूर काब्रं? अमळनेरले मसाला भेटत नही का?”

सगळी बस हसली. कंडक्टर आला. त्यानं वाकून जाळीतून पाहिलं.

“नर का मादी?”

“का?”

“मादी असली तर अर्धं तिकीट. बायांना सवलत आहे.”

पुन्हा हशा. मीही हसले, काय करणार. शेजारच्या बाईनं न विचारता स्वतःची बाटली पुढे केली आणि म्हणाली, “ओलं करं व माय, फडकं सुकी गयं.” एरंडोल गेलं. पारोळ्याच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झालेला, गाड्यांची रांग. बस उभी राहिली आणि वाराही थांबला. लोक खाली उतरून बाभळीच्या सावलीत गेले. मी उतरले नाही, सावलीला सशाला घेऊन गेले असते तर जागा गेली असती.

पारोळ्याहून अमळनेरला रस्ता फुटतो. तिथे उतरले असते तर घर जवळ होतं. नाना, गार फरशी, अक्का. घरी घेऊन जायचं, मांडीवर ठेवायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं. त्यात माझी तत्त्वं शाबूत राहिली असती. एका सशाच्या बदल्यात. तो माझा नव्हताच ना, मीच म्हणाले होते नाव ठेवायचं नाही म्हणून. बस पारोळा स्टँडवर थांबली, कंडक्टर ओरडला, “अमळनेरवाले उतरा!” मी रुमाल पुन्हा ओला केला.

मॅडमचं घर देवपूरला. दारात तुळस, आत सायकल, भिंतीला कॅलेंडर. काय कल्पना केली होती मी, कोण जाणे. पन्नाशीच्या, केस तोकडे, कॉटनचा ड्रेस. त्यांनी कॅरेट उघडला आणि एका हातानं छातीखाली, दुसऱ्या हातानं मागचे पाय असे घेऊन ससा उचलला. आजवर त्याला असं कुणी उचललं नव्हतं. तो आमच्या हातांत सुटायला बघायचा, त्यांच्या हातांत शांत राहिला. मला ते अजिबात आवडलं नाही.

कानात बघायची दुर्बीण असते तशी एक त्यांनी त्याच्या तोंडात बाजूनं सरकवली. “बघा,” म्हणाल्या. मी डोळा लावला. आत अगदी मागे दाढा, आणि खालच्या दाढेला बाभळीच्या काट्यासारखं टोक. ते जिभेत रुतलेलं होतं. जिभेवर पांढरी जखम.

“सशाच्या दाढा आयुष्यभर वाढत राहतात. गवत चावून झिजल्या नाहीत तर काटे येतात. काय देता खायला?”

“केळं. बिस्कीट. मेथी.”

“आणि गवत?”

“दूर्वा. कधी कधी.”

“केळं बंद. आजपासून.”

“अमळनेरला केळं बंद करणं सोपं नाही,” मी म्हटलं. “शिवाय तो संकष्टी करतो असा लोकांचा समज आहे.”

त्या हसल्या, खऱ्याखुऱ्या. “त्याला म्हणावं, एकादशीसुद्धा करू नकोस. सशाला कधी उपाशी ठेवायचं नाही. ऑपरेशनच्या आधीसुद्धा नाही.”

त्या दिवशी त्यांनी त्याच्या कातडीखाली सलाइन दिलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, पिचकारीनं पातळ हिरवं काहीतरी भरवलं. दाढा दुसऱ्या दिवशी घासायच्या, आज तो भूल सोसणार नाही. मला राहावं लागलं. त्यांच्याच घरी, त्यांच्या ताटात, कळण्याची भाकरी आणि ठेचा. ज्या घरावर मोर्चा न्यायचा त्या घरचं मीठ खात होते. भाकरी चांगली होती, हे लिहायलाही मला जड जातंय.

जेवताना त्या म्हणाल्या, “फाटकावरचं पत्रक तुम्हीच लिहिलं होतं ना? खाली फोन नंबर होता, दुपारी एसटीतून तुम्ही मला त्याच नंबरवरून पत्ता विचारलात.”

“हो.”

“खळ फार घट्ट करता. खरवडायला दोन दिवस लागले शिपायाला.”

“मजकुराबद्दल काही म्हणायचं नाही तुम्हाला?”

“म्हणायचं आहे. पण तो खोटा आहे असं नाही म्हणायचं.” त्यांनी मला ठेचा वाढला. “तुमचं म्हणणं उद्या खरं झालं, प्राणीगृह बंद झालं, तर मला आनंदच आहे, मी घरी बसेन. फक्त मला सांगा, आज त्याच्या तोंडात बघायला माझे हात कुठून शिकले असते?”

“घरोघरी पाळलेले ससे आहेत. त्यांच्यावरून. लोक आणतील ते बघून.”

“आणतात?”

मी भाकरीचा तुकडा मोडला.

“घरी बघते असं मी सगळ्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय. आजवर माझ्या दारात आलेल्या तुम्ही पहिल्या.”

म्हणून त्यांचं बरोबर होतं असं नव्हे. प्राणीगृहातल्या सशांनी माझ्या सशासाठी डॉक्टर घडवायचं काम अंगावर घेतलेलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण मी जे वाक्य फाटकावर चिकटवलं त्याच्या मागे दुसरं वाक्य असायला हवं होतं आणि ते आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं.

सकाळी जेवणाच्याच टेबलावर चादर टाकून त्यांनी भूल दिली. मी डोकं धरलं. बारीक कानशीसारखं अवजार, कर्रर्र असा आवाज, आणि तांदळाच्या कणीएवढा काटा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. एवढाच. तासाभरानं ससा उठला, डळमळत. त्यांनी अंगणातलं वाळलेलं मारवेल गवत पुढे टाकलं. त्यानं एक काडी ओढली. ती काडी टोकापासून आत जात जात संपली. मग दुसरी. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मॅडम भांडी घासायला आत गेल्या.

“आता दर दोनेक महिन्यांनी आणावं लागेल,” त्या आतूनच म्हणाल्या. “काटे पुन्हा येतात. एकदा आले की येतच राहतात.”

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर अक्कांनी त्याला गवत खाताना पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी उपासाचं मागे घेतलं नाही. “उपास करी करी बरा व्हयना,” असं त्या अजून सांगतात. केळं मात्र त्या आता स्वतः पूर्ण खातात. नानांनी सगळं ऐकलं, दाढांचं, मॅडमचं, टेबलाचं.

“म्हणजे आता दर दोन महिन्यांनी तिच्या दारात जाणार तू.”

“हो.”

“आणि फाटकावर कोण उभं राहणार?”

“मीच.”

“जमंल?”

“तुम्ही सांगा, नाना. दुसरा डॉक्टर दाखवा, तिथे जाते.” नाना उठले आणि त्यांनी घडी घालायच्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. रागानं की दुसरं काही सुचलं नाही म्हणून, ते कळलं नाही. मीही समोर बसले. आम्ही बराच वेळ घड्या घालत होतो.

पावसाळ्यात आम्ही त्या फाटकावर पुन्हा उभे राहिलो. मॅडमची स्कूटर आली. मी पत्रक पुढे केलं, दुसरं काय करणार? त्यांनी ते घेतलं, घडी उघडून वाचलं, पर्समध्ये ठेवलं. “पुढच्या रविवारी आणा त्याला,” म्हणाल्या आणि आत गेल्या. माझ्या शेजारी उभी असलेली कार्यकर्ती माझ्याकडे बघत राहिली. काय सांगणार होते तिला? तेव्हापासून मी दोन्हीकडे उभी आहे. फाटकाच्या बाहेर आणि त्या जेवणाच्या टेबलाशी. कुठूनही हलता येत नाही. एक सोडलं तर ससा जातो, दुसरं सोडलं तर मी.

एकच फट सापडलीय, तीही लहान. ससा बरा असताना मी त्याला घेऊन जळगावच्या त्या तरुण डॉक्टरांकडे गेले. काही झालेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “काय होतंय?” मी म्हटलं, “काही नाही. तोंड बघा फक्त.” त्यांनी मॅडमना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मॅडम धुळ्याहून सांगत होत्या, असं धरा, बाजूनं घाला, घाई नको. ससा पाय झाडत होता, डॉक्टर पुन्हा पुन्हा पकड बदलत होते. मग ते एकदम थांबले. “दिसली,” म्हणाले. “दाढ दिसली, मॅडम.” काउंटरवरची मुलगीही बघायला आली.

ती त्यांनी पाहिलेली जिवंत सशाची पहिली दाढ. काटे अजून त्यांना काढता येत नाहीत. पण दोन-चार ससे त्यांच्या हाताखालून गेले तर येतील, असं मॅडमच म्हणतात. हे ससे कुठून यायचे? प्राणीगृहाच्या पिंजऱ्यातून यायला नको असतील तर आपल्या घरातूनच यायला हवेत.

म्हणून बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात ससा असेल, शेजारी असेल, पाहुण्याकडे असेल, तर तो आजारी पडायची वाट बघू नका. या आठवड्यात, तो धडधाकट असताना, गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. जळगाव असो, धुळे असो, चोपडा असो, शिंदखेडा असो. ते म्हणतील, आम्ही ससे बघत नाही. तिथून उठू नका. भांडू नका. त्यांच्या टेबलावर ससा ठेवा आणि म्हणा, याचं तोंड एकदा उघडून बघा.